आधी उजेड, मग रंग

"फारसा खर्च न करता घराला आणि स्वतःला जरा टवटवीत करायचं तर सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा नवे पडदे, एखादी रंगवलेली भिंत, चेहऱ्याला लावायचा घरगुती लेप असं काहीतरी असतं. माझं उत्तर दरवेळी तेच असतं. सुरुवात उजेडापासून करा, आणि त्यासाठी आज काहीही विकत आणू नका.

खिडकीच्या काचा आतून-बाहेरून पुसा. बाहेरच्या बाजूला किती थर बसलाय ते फडकं काळं झाल्यावरच कळतं. दिवा बंद करून गार होऊ द्या, मग बल्ब आणि त्याच्यावरचं झाकण पुसा. खिडकीला अर्धवट आड येणारं कपाट हातभर सरकवा. पडद्याचा दांडा चौकटीच्या दोन्ही बाजूंना थोडा लांब असला, तर पडदा सारल्यावर तो भिंतीवर जमा होतो आणि अख्खी काच मोकळी राहते. घरात मोठा आरसा असेल तर खिडकीचा उजेड खोलीत परत फिरवेल अशा भिंतीवर तो लावून बघा. ज्या कोपऱ्यात बसून वाचता तिथे दिवा जवळ आणा. दिव्याचं अंतर निम्मं केलं की पानावर पडणारा उजेड साधारण चौपट होतो, त्यामुळे जास्त वॅटचा बल्ब आणण्याआधी आहे तो दिवा सरकवून पाहावा.

बल्ब बदलायचाच असेल तर वॅटपेक्षा खोक्यावरचे दुसरे आकडे वाचा. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड हवा असेल तर सुमारे ८०० ल्युमेनचा एलईडी पुरतो. केल्विनचा आकडा उजेडाचा रंग सांगतो. २७०० म्हणजे ऊबदार पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. झोपायच्या आणि निवांत बसायच्या खोलीत मी २७०० ते ३०००च्या वर जात नाही. तिसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा. तो ९०च्या आसपास असेल तर कपडे, लाकूड आणि आपला चेहरा आहेत तसे दिसतात. भिंतीचा रंग फिका पडलाय असं वाटून रंगकामाचा घाट घालणाऱ्या कित्येकांना मी आधी बल्ब बदलायला सांगते, आणि पुष्कळदा रंगाचा विषय तिथेच मिटतो.

त्यानंतरचं काम म्हणजे जे डुगडुगतं, करकरतं, अडकतं ते दुरुस्त करणं. याबद्दल मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. कपाटाची सैल मूठ आपण दिवसातून अनेकदा धरतो आणि दर वेळी मनात बारीकशी कुरकुर उमटते. नवी उशी ती कुरकुर थांबवत नाही. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात लाकूडकामाचा पांढरा गोंद घालून गुल काढलेल्या दोन-तीन आगकाड्या ठोकून बसवा, वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि तोच स्क्रू पुन्हा पिळा. लाकडाला तो घट्ट धरतो. करकरणाऱ्या बिजागरीला तेलाचा थेंब पुरतो.

नळ आणि शॉवरवर जो पांढरा थर बसतो तो जड पाण्यातल्या क्षारांचा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. हा थर आम्लात विरघळतो, म्हणून साधं पांढरं व्हिनेगर इथे उत्तम काम करतं. फडकं त्यात भिजवून तोटीभोवती गुंडाळा, अर्ध्या-पाऊण तासाने जुन्या टूथब्रशने घासा आणि पाण्याने धुऊन टाका. शॉवरची चाळणी सुटी होत असेल तर ती बुडवून ठेवली तरी चालते. संगमरवराला मात्र व्हिनेगर लावू नका. तो दगडही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच आहे, त्याची चकाकी कायमची जाते.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून केलेलं 'जादुई' मिश्रण सगळीकडे सुचवलं जातं. ते फसफसतं खरं, पण तो कार्बन डायऑक्साइड असतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करतात आणि हातात जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. सोडा घासायला वापरा, व्हिनेगर क्षार काढायला वापरा, पण वेगवेगळे. आणि हे अगदी लक्षात ठेवा, ब्लीच कशातच मिसळायचं नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेलं क्लीनर पडलं तर क्लोरामाइन. दोन्ही छातीत भरणारे विषारी वायू आहेत. स्वच्छतेच्या उत्साहात बंद न्हाणीघरात दोन बाटल्या एकत्र ओतणारी माणसं आहेत, म्हणून हे दर वेळी सांगते.

एवढं झाल्यावरही हात शिवशिवत असतील तर रंग काढा. पण भिंतीला भिडण्याआधी एखादं जुनं लाकडी स्टूल घ्या. छोटी वस्तू आहे, बिघडली तरी पुन्हा करता येते, आणि चांगली झाली तर खोलीचा नूर बदलते. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुऊन काढायचा आणि लाकूड पूर्ण वाळू द्यायचं. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवायचा. जुना चकचकीत रंग सगळा खरवडायची गरज नसते. चकाकी मरून पृष्ठभाग धुरकट, मॅट दिसू लागला की नवा रंग त्याला धरतो. खाचा लांबी (पुट्टी) भरून सपाट करायच्या, प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात द्यायचा, वाळल्यावर २२० नंबरचा पेपर हलकेच फिरवायचा, भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यायची आणि मग रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतात आणि वरून वाळलेला रंग आतून मऊ राहतो. पृष्ठभागावरून बोटं फिरवा. २२० नंतरचा गुळगुळीतपणा हाताला लगेच कळतो आणि हे काम का करायचं तेही कळतं. फार जुन्या घरातला रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, ती धूळ मुलांना विशेष घातक असते.

झाडांबद्दलही विचारतात. हवा शुद्ध होते का? १९८९च्या नासाच्या प्रयोगावरून हा समज पसरला, पण तो प्रयोग लहान बंद पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा खिडकी-दारांतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या लागतील असं दिसलं. हवेसाठी खिडकी उघडा. झाड मात्र जरूर ठेवा, ते बघायला छान वाटतं एवढं कारण पुरेसं आहे.

स्वतःच्या बाबतीतही माझा क्रम घरासारखाच, आधी काढायचं आणि मग लावायचं. चेहऱ्याला लिंबू चोळणं आधी थांबवा. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणाचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोनच्या आसपास असतो, आणि त्यातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. डाग जाण्याऐवजी नवे काळे डाग महिनोन् महिने राहतात. सोडाही नको. त्वचेचा वरचा थर मुळात आम्लधर्मी, साधारण पाच पीएचचा असतो, आणि सोड्याचं पाणी आठच्या वर जातं. टूथपेस्ट दातांसाठीच ठेवा.

मग लावायचं काय? अंघोळ कोमट पाण्याने, आटोपशीर. अंग टिपून, थोडं ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा म्हणजे ओलावा आत टिकतो. टाचा आणि कोपरांना रात्री पेट्रोलियम जेली. १८७२ मध्ये पेटंट मिळालेली ही साधी वस्तू त्वचेतलं पाणी उडू न देण्यात अजूनही महागड्या क्रीम्सना मागे टाकते. खाज सुटणाऱ्या कोरड्या त्वचेसाठी ओट्स अगदी बारीक दळून कोमट पाण्यात ढवळा आणि त्या दुधट पाण्याने अंग भिजवा. हा घरगुती उपाय कसोटीला उतरलेला आहे. सनस्क्रीन मात्र घरी बनवू नका. त्यातले कण एकसारखे पसरले आहेत की नाही हे घरी तपासता येत नाही, आणि न पसरलेल्या जागी त्वचा सरळ भाजते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय पुन्हा उजेडाचाच. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (जागेवर पडणारा उजेड मोजायचं माप) असतो, तर ढगाळ सकाळीही बाहेर तो हजारांच्या घरात जातो. शरीराचं झोपेचं घड्याळ या सकाळच्या उजेडावर लागतं, म्हणून उठल्यावर थोडा वेळ बाहेर चाला. रात्री निळसर दिवे मालवून तो २७००चा दिवा लावा. झोप नीट झालेला चेहरा लेपाशिवाय ताजा दिसतो.

मग विकत घ्यायचं काहीच नाही का, असं पुढे विचारतातच. घ्या की. एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक सनस्क्रीन आणि केस न गळणारा एक चांगला ब्रश. स्वस्त ब्रशचे केस रंगात चिकटून बसतात आणि काढताना खूण पडते. पाण्यात मिसळणारा रंग असेल तर काम संपल्याबरोबर ब्रश कोमट साबणाच्या पाण्यात मुळापर्यंत धुवा, केस बोटांनी सरळ करा आणि कागदात गुंडाळून आडवा ठेवा. रंगाच्या दुसऱ्या हातापर्यंत थोडाच वेळ थांबायचं असेल तर धुऊही नका, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा, तो वाळत नाही.