पीतबिंदूतील छिद्र : माझा अनुभव

चष्मा पुसताना सहज उजवा डोळा मिटला आणि भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे दिसत असूनही काटे जिथे जुळतात तो मधला भाग चिमटीत धरून ओढल्यासारखा आक्रसलेला दिसला. दोन्ही डोळे उघडे असताना यातले काहीच जाणवत नसे, कारण उजवा डोळा डाव्याची उणीव इमानाने भरून काढत होता. त्या इमानापायी माझे काही महिने फुकट गेले असावेत.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून ओसीटी, म्हणजे प्रकाशकिरणांनी डोळ्यातल्या थरांचे छेदचित्र काढणारी तपासणी झाली. निरोगी डोळ्यात दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, मध्यावर उथळ खळगा असतो, माझ्या छेदचित्रात तिथे आरपार भोक होते. पीतबिंदू म्हणजे या पटलाचा मधला भाग, जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंद आणि त्यातला खळगा दीड मिलिमीटर, पण वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे हे सारे याच खळग्यावर चालते. तिथे रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी दाटीने बसलेल्या असतात, आणि अगदी मध्यावर रक्तवाहिन्या नसल्याने व वरचे थरही बाजूला सरकलेले असल्याने प्रकाश त्यांच्यापर्यंत जवळजवळ विनाअडथळा पोचतो. मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशीही त्या मध्यावर नसतात. अंधूक तारा रोखून पाहिला की नाहीसा होतो, तो याचमुळे.

शस्त्रक्रियेत डोळ्याची पोकळी भरणारा जेलीसारखा काचद्रव काढून, छिद्राभोवतीचा अतितलम पापुद्रा सोलून, पोकळीत वायू भरला. खरी परीक्षा त्यानंतरची. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून तो मागच्या पडद्यावर टेकावा यासाठी मला पाच दिवस चेहरा जमिनीकडे ठेवावा लागला. जेवतानाही मान खाली. वायू असेतो विमानप्रवासास सक्त मनाई होती, कारण उंचीवर तो प्रसरण पावून डोळ्यातला दाब वाढतो.

बसता येऊ लागल्यावर डोळ्यात पाण्याच्या पातळीसारखी एक डुलणारी रेषा दिसू लागली. तिच्या वरचे जग स्वच्छ, खालचे धूसर. बुडबुडा खरे तर डोळ्याच्या वरच्या भागात असतो, परंतु पडद्यावर प्रतिमा उलटी पडत असल्याने तो खाली भासतो. रेषा रोज थोडी खाली उतरत गेली, शेवटी एक गोल थेंब उरला आणि एके सकाळी तोही दिसेनासा झाला.

छिद्र मिटल्याचे पुढच्या ओसीटीत दिसले. आता डाव्या डोळ्याने मोठी अक्षरे वाचता येतात, दाराच्या चौकटीच्या उभ्या कडेला मात्र मध्यावर अजून किंचित बाक दिसतो.