तुझं का नाही घेतलं?

संध्याकाळी पेज पिता पिता मनूनं विचारलं, "आई, हाड तुझं का नाही घेतलं? रक्त देतात की दुसऱ्याचं." उत्तर मला माहीत होतं, तरी तोंडातून निघेना. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मनू जन्मली तीच ओठात, टाळूत आणि हिरडीत फट घेऊन; आता ऑपरेशन करून तिच्याच कमरेचं हाड हिरडीतल्या फटीत भरलंय.

तोंडातल्या टाक्यांबद्दल तिची फारशी तक्रार नाही. दुखते ती कंबर. फट हिरडीत, आणि लंगडतेय पोर. ज्या जागेला काहीच झालं नव्हतं तिथं चिरायला लागलं, हे मला सोसत नाही. ओठ शिवला तेव्हा ती तान्ही होती, टाळूच्या वेळीही समज नव्हती. या वेळी सगळं कळत होतं तिला. दोन्हीकडची रडारड मीच केली.

सासूबाईंनी आज परत ग्रहणाचा विषय काढला. जाऊ दे.

माझं घ्या, असं मी डॉक्टरांना म्हटलं होतं. त्यांनी बसवून समजावलं. दान केलेलं, बँकेत जपलेलं हाडही मिळतं, मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. पण ते प्रक्रिया केलेलं, त्यात जिवंत पेशी नसतात. माझं ताजं घातलं तर तिचं शरीर ते परकं मानणार. तिच्या स्वतःच्या हाडातल्या पेशी मात्र जिवंत राहून हिरडीत नवं हाड धरतात. वरचा पक्का सुळा अकरा-बाराव्या वर्षी येतो. त्याआधी फट भरली, तर तो त्या नव्या हाडातूनच खाली उतरतो. म्हणून आत्ताच. मुलांच्या कमरेच्या हाडाच्या कडेला कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला लवचिक भाग असतो, तो डब्याच्या झाकणासारखा उचलायचा, आतलं मऊ, जाळीदार हाड खरवडून घ्यायचं, झाकण परत बसवायचं.

सगळं पटलं होतं. तरी आत कुठेतरी, माझं का नाही? नऊ महिने माझ्यातलंच घेऊन वाढली ना ती. मग आत्ताच मी परकी कशी?

मघाशी ती भिंत धरून एकटी उठली. मी धावले तर म्हणाली, "थांब गं, जमतंय." आणि खरंच मोरीपर्यंत गेली. मी दारात उभी राहिले, आणि पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. द्यायचं होतं मला; पण लागणारं तिच्यापाशीच होतं, पुरेल एवढं. आईला हे वाईट का वाटावं?

उद्या तिला नीट सांगेन, झाकणाचंही. सुळा कुठून येणार तेही. पटलं नाही तर परत विचारू दे.