कपाटाला घाम सुटतो तेव्हा

कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकांचं कपाट उघडताना आधी नाक पुढं करावं, मग हात. मे महिन्याच्या सुट्टीत कुलूपबंद राहिलेलं लोखंडी कपाट जूनच्या मध्यावर उघडतं, तोवर मृगाच्या दोन-चार सरी येऊन गेलेल्या असतात. दार कुरकुरतं आणि आतून जो भपका येतो, त्यावरून पुढच्या आठवड्याची कामं ठरतात. नुसता कोंदट वास असेल तर पुस्तकांना वारा दिला की भागतं. वास ओल्या मातीचा, जरासा आंबूस असेल तर कुठल्या तरी पुठ्ठ्यावर बुरशीने मूळ धरलेलं आहे. आणि वास काहीच नाही, पण मागच्या पत्र्यावरून मातीची सुतासारखी नळी वर चढलेली दिसली, तर खालच्या कप्प्यातली पुस्तकं उचलताना जपून. वरून धडधाकट दिसणाऱ्या पुस्तकाच्या आत वाळवीने पोकळ घर केलेलं असतं.

शाळा दोन शिक्षकी. पट एकोणीस. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. बाईंना पुस्तकांचं वेड असलं तरी वेळापत्रकाला ते नसतं. परिपाठ, हजेरी, पोषण आहाराचा तांदूळ मोजून देणं (मुलामागे १०० ग्रॅम, म्हणजे सगळी हजर असतील तर १ किलो ९०० ग्रॅम), त्याची नोंद, मग रेंज मिळाली तर ऑनलाइन माहिती भरणं, आणि रेंज व्हरांड्याच्या एकाच टोकाला मिळते. गुरुजी केंद्रावर मीटिंगला गेले की चारही इयत्ता एका माणसाच्या गळ्यात. अशा दिवशी पुस्तकांचं कपाट हाच दुसरा शिक्षक. पुस्तकवेड ही हौस म्हणून ठीक आहे, पण दोन शिक्षकी शाळेत ती सोयही आहे, हे फारसं कुणी बोलत नाही.

पण त्यासाठी पुस्तकं जिवंत हवीत. आणि कोकणात पुस्तक जिवंत ठेवणं हा शेतीसारखाच पावसाशी मांडलेला व्यवहार आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शाळेची भिंत चिऱ्याची. जांभा दगड पाणी पितो आणि ऑगस्टपर्यंत ते आतल्या बाजूने सोडत राहतो. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण लागत नाही, आणि जुलैत ती कित्येक दिवस त्याच्या बरीच वर असते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. जवळजवळ दोनशे पावसाळे एखाद्या संस्थेने पुस्तकं राखली म्हणजे काय केलं असेल, हे एक पावसाळा कपाट सांभाळलेल्या माणसालाच कळेल. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरात तर २००५ आणि २०२१ या दोन्ही महापुरांचं पाणी शिरलं. पुस्तकांचा चिखल झाला आणि वाचनालय पुन्हा उभं राहिलं.

शाळेचा पूर मात्र बाहेरून येत नाही, तो कपाटाच्या आतच तयार होतो. लोखंडी पत्रा रात्री गार पडतो आणि बंद हवेतली वाफ त्यावर धरते. कपाटाला घाम सुटतो. म्हणून मागच्या पत्र्याला टेकलेली पुस्तकं सगळ्यात आधी बुरसतात. उपाय साधा आहे: कपाट भिंतीपासून वीतभर पुढं, आत पुस्तकं पत्र्यापासून दोन बोटं पुढं, आणि कप्पा कधीही ठासून भरायचा नाही. एक पुस्तक काढताना शेजारचं सोबत येत असेल तर दाटी झाली म्हणायची. रोज शाळा भरल्यावर दार उघडायचं, सुटताना लावायचं. पाऊस आडवा लागला असेल त्या दिवशी मात्र बंदच बरं.

आत काय ठेवायचं यावर गावात प्रत्येकाचं मत असतं. कडुनिंबाचा पाला म्हणावा तर किनारपट्टीवर कडुनिंब शोधावा लागतो. निरगुडी मात्र बांधाबांधावर. पाला चालतो, पण तो हातात चुरडला की खळखळ वाजेल इतका वाळलेला हवा. अर्धवट ओला पाला म्हणजे आपण होऊन कपाटात नेलेलं पाणी. वेखंडाचे तुकडे चांगले. डांबरगोळ्या मोठ्यांच्या ग्रंथालयात चालत असतील, पहिलीच्या खोलीत नकोत. त्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि पहिलीतलं मूल पेपरमिंट ओळखतं. सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे करवंटीचे कोळसे. जुन्या पातळ धोतराच्या फडक्यात मूठ-दीडमूठ कोळशाची पुरचुंडी बांधायची, कप्प्यागणिक एक. कोळसा ओल ओढून घेतो, पण भरला की थांबतो, हे विसरलं जातं. आठवड्याने तो पोषण आहाराच्या चुलीशेजारी चांगला तापवून, गार करून परत ठेवायचा. जूनमध्ये ठेवलेली पुरचुंडी ऑगस्टमध्ये नुसती शोभेची असते.

बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो. तसं केलं की पावडर कागदात मुरते आणि डाग कायमचा. आधी पुस्तक वाळवायचं, तेही कडक उन्हात नाही, कारण पुठ्ठा पापडासारखा वळतो. व्हरांड्यात वारा लागेल तिथे पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी फाकवून. कोरडं झालं की मुलांपासून लांब, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडायचं. चित्रांच्या गुळगुळीत कागदाचं पुस्तक भिजलं तर घाई वेगळीच. त्या कागदावरचा लेप ओला झाला की पानं एकमेकांना धरतात, आणि तशीच वाळली तर पुन्हा सुटत नाहीत, ओढली तर चित्रच निघून येतं. ओलं असतानाच पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे आणि ते दर दोन तासांनी बदलायचे.

खाऱ्या हवेचं वैर मात्र पिनांशी. मुलांची बहुतेक पुस्तकं सोळा किंवा चोवीस पानांची, मधोमध दोन पिना मारलेली. पहिल्या पावसाळ्यात पिना तांबूस, दुसऱ्यात गंज कागदात उतरतो, तिसऱ्यात मधलं पान सुटून हातात येतं, आणि ते नेमकं गोष्टीतलं सगळ्यात मोठं चित्र असतं. यावर एकच इलाज: पुस्तक नवं आलं की पिना काढूनच टाकायच्या आणि दोऱ्याने शिवायचं. पुस्तक मधोमध उघडून घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची, एक मध्ये, दोन कडेपासून चार-चार बोटं आत. गोधडीचा दोरा मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्यायचा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने मधलं भोक टाळून सरळ खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं त्या लांब टाक्याच्या दोन अंगांना घेऊन गाठ. हात बसला की पाच मिनिटांचं काम. गोधडी शिवणारी एखादी आजी पालकसभेला आली तर चार पुस्तकं तिच्यापुढे ठेवावीत, तिला हे शिकवावं लागत नाही.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणं हा सर्वात सोपा आणि सर्वात वाईट उपाय. दमट हवेत तिचा गोंद कडेने बाहेर येतो, पान समोरच्या पानाला चिकटतं, आणि वर्षा-दोन वर्षांत पट्टी पिवळी होऊन गळून पडते. त्यापेक्षा पतंगाच्या पांढऱ्या कागदाची करंगळीएवढी पट्टी आणि खळ. एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी. आधी गार पाण्यात गुठळी मोडायची, मग मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत हलवायचं. बाइंडर लोक त्यात मोरचूद घालतात, कारण कसर आणि झुरळं या खळीवरच जगतात. पण मोरचूद विषारी आणि मुलं थुंकी लावून पानं उलटतात, तेव्हा शाळेत बिनमोरचुदाचीच खळ, तीही पातळ आणि लागेल तेवढीच. उरवली तर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी ती आंबते.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. वापरातलं पुस्तक फाटतं आणि कपाटातलं पुस्तक बुरसतं. फाटलेलं शिवता येतं. तरीही कित्येक शाळांत पुस्तकं कपाटातच असतात, कारण तपासणीला येणारे साहेब पुस्तकांच्या दाखल रजिस्टरातला आकडा आणि कपाटातला आकडा जुळवतात. फाटकं पुस्तक दिसलं तर शेरा, बुरसलेल्याला शेरा नाही! मग १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, पुस्तकं बाहेर येतात, मुलं रांगेत धरून बसतात, फोटो ग्रुपवर जातो आणि पुस्तकं आत जातात. तारीख मात्र नकळत उत्तम निवडली गेली आहे. ऑक्टोबरच्या काहिलीत पुस्तकांना वारा देण्यासारखा दुसरा मुहूर्त कोकणात नाही. फोटो झाल्यावर ती तासाभर व्हरांड्यात राहू दिली तरी दिनाचं सार्थक.

पुस्तकवेड्या बाईंच्या शाळेत दोरी बांधलेली असते. खिडकीच्या गजापासून समोरच्या गजापर्यंत, पहिलीच्या मुलाच्या छातीएवढी उंच, साधारण तीन फूट. काथ्याची दोरी नको, ती झोळ खाते आणि तिचे तंतू पानांत जातात, नायलॉनची बरी. त्यावर पातळ पुस्तकं मधोमध उघडून घोड्यावर बसल्यासारखी टाकायची. मुलांना कणा वाचून पुस्तक शोधता येत नाही, मुखपृष्ठ दिसलं तरच हात जातो. एका वेळी पंधरा-वीस पुरेत. दर सोमवारी अर्धी बदलायची. "बाई, ह्या माका व्हया" असं ओढून दोघं एकाच पुस्तकाला भिडले की समजायचं, आठवड्याची निवड जमली.

नोंदीचीही युक्ती आहे. पुस्तकागणिक पान ठेवलं तर पुस्तक कुठे आहे ते कळतं. मुलागणिक पान ठेवलं तर मूल कुठे आहे ते कळतं. एकोणीस मुलांच्या शाळेत दुसरीच पद्धत उपयोगाची. पहिलीतल्याला नाव लिहिता येत नसेल तर त्याने पुस्तकातलं काहीही एक चित्र काढावं. सलग चार आठवडे फक्त माशांची चित्रं आली, की पाचव्या आठवड्यात त्याच्यासमोर कुठलं पुस्तक टाकायचं हे बाईंना ठाऊक असतं. मोठी मुलं पुस्तकांना दमली की 'किशोर'चे जुने अंक. बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते आणि त्याच्या एका अंकात चौथीतल्या मुलाचा पावसाळी शनिवार सहज जातो.

मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचं तंत्र शिक्षकांना शिकवलं जात नाही, म्हणून बरेच जण पुस्तक स्वतःकडे धरून वाचतात आणि चित्र नंतर फिरवून दाखवतात. तोवर मागची दोन मुलं उठून उभी, पुढचं सगळं गेलं. पुस्तक खांद्याच्या बाजूला, खालून मधोमध एका हाताने धरायचं, चित्र मुलांकडे, आणि मजकूर तिरक्या नजरेने. त्यासाठी घरी दोनदा वाचून आलेलं हवं. चोवीस पानांना आठ-दहा मिनिटं लागतात. त्यापेक्षा लवकर संपलं तर घाई झाली.

आणि शब्द. पुस्तकं बहुतेक घाटावरून येतात. त्यातला हुरडा मुलांनी पाहिलेला नसतो, ओढा म्हणजे व्हाळ हे सांगावं लागतं. खळं घाटावर मळणीचं, इथे ते घरापुढचं अंगण, तिथेच खेळायचं आणि तिथेच भात झोडायचं. पण खरी गंमत 'सडा' या शब्दाची. 'झाडाखाली फुलांचा सडा पडला होता' हे वाक्य आलं की दुसरीचा वर्ग थबकतो. सडा म्हणजे गावावरचं कातळाचं उघडं माळरान. ते झाडाखाली कसं पडेल? इथे अर्थ सांगायची घाई केली तर एक शब्द शिकवून होतो, बस. थांबलं तर वर्ग स्वतःच बोलायला लागतो. कारण भादव्याच्या आसपास गावच्या सड्यावर खरोखरच फुलं येतात, कातळावरच्या बोटभर मातीत, निळी, जांभळी, पिवळी, पाऊल ठेवायला जागा नाही इतकी. फुलांचा सडा त्यांनी पाहिलेला असतो, पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. बाईंनी फक्त त्या दोन सड्यांची गाठ घालून द्यायची.

एप्रिल संपता संपता कपाटाचा प्रश्न पुन्हा येतो. दीड महिना कुलूप. रूढ पद्धत अशी, की सगळी पुस्तकं गोळा करायची, मोजायची, रजिस्टरात सही, दार बंद. जाणती बाई मोजून सही करते आणि मग वाटून टाकते. प्रत्येक मुलाला पाच पुस्तकं, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड बांधायचं नाही, नुसतं दुमडायचं, नाहीतर आत पुन्हा कपाटच तयार होतं. पुस्तकं कुठे ठेवायची हे मुलांनी घरी ठरवायचं. बऱ्याच घरी गॅस आला असला तरी न्हाणीचं पाणी तापवायची चूल मागच्या पडवीत असते, आणि जिथे बेगमीची सोलं, बियाणं, मिरच्या धुरावर ठेवतात तिथेच वरच्या फळीवर पुस्तकांची पिशवी जाते. धुराला कसर येत नाही, ओल टिकत नाही.

जूनमध्ये ती परत येतात तेव्हा पाचातलं एखादं हरवलेलं असतं, एखाद्यावर कोकमाचा लाल डाग, एकाच्या पानात आंब्याच्या रसाने दोन कोपरे चिकटलेले. रजिस्टरात शेरा लिहावा लागतो. बाकीची नाकाशी धरली तर नुसता धुराचा वास.