आकडा तोच, ताट वेगळं: भुकेची नोंद, आठवडा ४ ते ६

वजन उतरवण्यासाठी रोजच्या १६०० कॅलरी कायम, तूट, म्हणजे शरीर खर्च करतं त्यापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, साधारण ४००. या तीन आठवड्यांत बदलली ती फक्त ताटाची मांडणी. प्रत्येक जेवणाआधी भुकेला ० ते १० गुण. ६ च्या वर गेले की आधीचं जेवण तपासायचं, कारण संध्याकाळची वखवख बहुतेकदा दुपारच्याच ताटात शिजलेली असते.

आठवडा ४ बटाट्याचा. जठराला ताण कळतो, कॅलरी नाही. २४० कॅलरीत उकडलेला बटाटा सुमारे २७५ ग्रॅम बसतो, वेफर्स जेमतेम ४५ ग्रॅम. १९९५ साली सिडनी विद्यापीठात सुसाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ याच २४० कॅलरीच्या मापाने देऊन पुढचे दोन तास तृप्ती मोजली. पांढरा पाव १०० धरला तर उकडलेला बटाटा ३२३ वर, सगळ्यांत वर. क्रोसाँ ४७ वर, तळाला. डाएट सुरू होताच बटाटा बंद करणं ही त्यामुळे मोठी चूक वाटते. घात करतं ते तेल. मोठा चमचाभर तेल म्हणजे १४ ग्रॅम, जवळपास १२० कॅलरी. दोन चमचे पडले की २४० चे ४८० झाले, आणि ताटाकडे बघून ते कळतही नाही. म्हणून तेल बाटलीतून थेट ओतायचं नाही. कढई काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये घ्यायचं.

आठवडा ५: सकाळची प्रथिनं १२ ग्रॅमवरून ३० च्या आसपास. दोन अंडी आणि पाणी निथळलेलं, बिनसायीचं २०० ग्रॅम दही, एवढ्यात काम होतं. दिवसभराचं माप वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम. फळाचा रस बंद, अख्खं फळ चालू. जेवणाआधी वाटीभर पातळ भाज्यांचं सूप मात्र ठेवावं, द्रव असूनही ते पोट धरतं.

तंतुमय पदार्थ एका दिवसात दुप्पट केले की पोट फुगतं, गॅस होतो, आणि दोष भाज्यांवर जातो. आठवड्याला ५ ग्रॅमच वाढवावेत, सोबत पाणीही.

आठवडा ६ वेळांचा. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं आणि खाल्लं नाही तरी काही वेळाने उतरतं. म्हणजे भुकेची लाट ओसरते, ती वाढतच जाते असं नाही. वेळ बदलायची असेल तर रोज १५ मिनिटांनी सरकवा. एकदम दोन तास पुढे ढकललं की पुढच्या जेवणात हात सैल सुटतो. झोप कमी झालेल्या दिवसाचे गुण वेगळ्या रंगात लिहा, नाहीतर दोष उगाच ताटावर येतो.

सलग आठवडाभर ७ च्या वर, शिवाय चक्कर किंवा सतत थंडी, तर तूट जास्त आहे: २०० कॅलरी वाढवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि पूर्वी खाण्याचा विकार झालेल्यांनी डॉक्टरांशिवाय तूट धरूच नये.

आठवडा ७ मध्ये एकच बदल: रात्रीच्या ताटातल्या २०० कॅलरी दुपारी चार वाजता.