खळ्यातलं शेवाळ, जांभ्याच्या पायऱ्या आणि प्रेशर वॉशर : माझा अनुभव

आमचं घर सिंधुदुर्गात, खळं म्हणजे घरापुढचं अंगण आणि पुढच्या सहा पायऱ्या, सगळ्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या. जून ते सप्टेंबर कोकणात जो पाऊस पडतो त्यात जांभा पाणी पिऊन बसतो आणि श्रावण संपेपर्यंत त्यावर हिरवं काळं शेवाळ असं धरतं की चप्पल घालून चालणं म्हणजे जीव मुठीत. गेल्या वर्षी आई तुळशीला पाणी घालायला उतरली आणि तिसऱ्या पायरीवरून घसरली, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. त्यामुळे यंदा गणपतीच्या आठ दिवस आधी रजा टाकून गेलो ते ठरवूनच, की खळं स्वच्छ केल्याशिवाय मांडवाला हात लावायचा नाही. दरवर्षी आम्ही खराट्याने घासतो, चालायच्या वाटेवर झावळ्या टाकतो, पण चिऱ्याच्या भोकांत खराटा पोचतच नाही. म्हणून प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने धुणारं मशीन घेतलं, १८०० वॅटचं, १२० बारचं.

आता हे बार म्हणजे काय ते मलाही आधी नीट माहीत नव्हतं. तीस-पस्तीस फूट उंच टाकीतलं पाणी खाली नळाला येतं तेव्हा त्याचा दाब साधारण १ बार असतो. म्हणजे हे मशीन त्याच्या शंभरपट आणि वर. एवढ्या दाबाची धार जवळून हातापायावर बसली तर पाणी कातडी भेदून आत जातं, बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत मोठं नुकसान झालेलं असतं. असं झालं तर घरी हळद लावून बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि प्रेशर वॉशरची धार लागलीय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. पायावरचा चिखल धुवायला तर गन कधीच वापरायची नाही, मुलांना मी पहिल्या दिवशीच दम दिला होता की मशीन चालू असताना खळ्यात पाय ठेवायचा नाही.

पण खरी भीती मला करंटची होती. ओलं खळं, ओले पाय आणि हातात विजेवर चालणारं मशीन. मशीन लावायच्या आधी वायरमनला बोलावलं, अर्थिंग तपासून घेतलं आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच बसवला, वायरमनने टेस्ट बटण दाबून तो पडतोय हे दाखवलं तेव्हाच मी पैसे दिले. १८०० वॅट म्हणजे जवळपास ८ अँपियर, तेव्हा ते ६ अँपियरच्या साध्या प्लगवर लावायचं नाही, १६ चाच लागतो. घरात होता तो एक्स्टेंशन बोर्ड बारीक वायरचा, तो बाजूला ठेवला आणि २.५ स्क्वेअर एमएमची तीन पदरी वायर आणून बोर्ड बनवून घेतला, पूर्ण उलगडून वापरला आणि जोड पडवीत उंच स्टुलावर, पाण्यापासून लांब. पाऊस आला की बंद, उघडीप मिळाली की चालू, त्यामुळे एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं, चालेल. पायात गमबूट आणि डोळ्याला गॉगल हवाच, चिऱ्याचे कण असे उडतात की विचारू नका.

पाण्याचंही आधी बघून घ्यायचं. मशीन मिनिटाला ६-७ लिटर ओढतं, नळाला तेवढं येत नसेल तर पंप कोरडा पडून आचके देतो. मी बादली लावून बघितली, २० लिटरची बादली दोन मिनिटांच्या आत भरली म्हणजे ठीक. आमच्या विहिरीचं पाणी पावसात लालसर गढूळ असतं त्यामुळे इनलेटची जाळी रोज काढून धुवावी लागली. चालू करताना आधी नळ सोडायचा, ट्रिगर दाबून आतली हवा जाऊ द्यायची, एकसंध धार आली की मगच बटण. बंद करताना आधी बटण, मग नळ, आणि शेवटी ट्रिगर दाबून पाइपात अडकलेला दाब सोडायचा, नाहीतर पाइप काढताना फटका बसतो.

आता जे चुकलं ते सांगतो. पहिल्या दिवशी मी गनच्या तोंडाला लाल टिप लावली, शून्य अंशाची, म्हणजे एकदम सुईसारखी धार, आणि पायरीच्या अगदी जवळ धरली. शेवाळ गेलं, पण त्याबरोबर चिरापण गेला, बोटभर रुंद चर पडली. शेजारचे काका गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून ओरडले, "बाबू, थांबव तां, चिरो जातलो!" चिरा खाणीतून काढल्यावर हवेने वरून कडक होत जातो, तो कडक थर एकदा खरवडला की आतला भाग मऊ. मग मी पांढरी ४० अंशाची टिप लावली, कोपऱ्यातल्या एका चिऱ्यावर आधी दोन फुटांवरून मारून बघितलं, हळूहळू जवळ आलो आणि एक फुटाच्या आसपास थांबलो, धार तिरकी ठेवून. सांध्यांवर सरळ मारायचंच नाही, सिमेंट उखडतं. गडगा तर मी हातच लावला नाही, नुसता रचलेला असतो तो, धारेने मातीच निघून जायची.

शिवाय लक्षात आलं की जोर लावण्यापेक्षा शेवाळ आधी मरू देणं जास्त महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी ब्लीचिंग पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवली, गाळ बसू दिला, वरचं निवळ पाणी झारीने खळ्यावर शिंपडलं आणि पंधरावीस मिनिटं तसंच ठेवलं, वाळू न देता. हातात रबरी मोजे. शेवाळ पिवळट पडलं आणि मग लांबूनच्या रुंद धारेनेही साफ निघालं. हे पाणी मशीनमधून घालू नका, पंप खराब होतो, आणि ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत जातो. तुळशीच्या आणि जास्वंदीच्या बुंध्याशी आधीच भरपूर साधं पाणी घातलं होतं, आणि विहिरीच्या बाजूचा भाग मी ब्लीचिंगशिवाय, खराट्यानेच केला.

धुताना वरून खाली, पायऱ्यांपासून उताराकडे जायचं म्हणजे घाण परत मागे येत नाही. कौलं धुवायचा मोह झाला होता पण शिडीवर चढून गन चालवायची नाही हे पक्कं, ट्रिगर दाबल्यावर मागे धक्का बसतो, आणि खालून मारलं तर कौलाखाली पाणी शिरून माळ्यावर गळतं. मीटरची पेटी, बाहेरचे स्विच यांच्यापासूनही लांबच.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आई एकटी खाली उतरली, तुळशीकडे दिवा लावून आली. मी पडवीत उभा राहून बघत होतो, ती हळूच उतरली पण थांबली कुठेच नाही.

परवा फोनवर तिने सांगितलं की बाकी खळं अजून स्वच्छ आहे, फक्त तिसऱ्या पायरीवर मी पाडलेल्या चरीत पाणी साचून पुन्हा हिरवं धरायला लागलंय. दिवाळीला जाईन तेव्हा चिरा सुकलेला असेल, तेव्हा गवंडी बोलावून ती चर भरून घेणार आहे.