नाशिकची थंडी, दोन पोरं आणि सकाळचा एक तास: चौसष्टाव्या दिवसापर्यंतची वही

तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वही सुरू केली. परवा संक्रांत झाली, आज चौसष्टावा दिवस. त्यातले छप्पन्न दिवस आम्ही तिघं, म्हणजे मी, मोठी (वय ७) आणि धाकटा (साडेतीन), सकाळी किमान तासभर घराबाहेर होतो. हुकलेल्या आठांपैकी चार सर्दी-तापात गेले, तीन गावच्या लग्नात आणि एक अवकाळी पावसात. माझी सेकंड शिफ्ट आहे आणि मोठीची शाळा दुपारची, त्यामुळे सव्वासात ते साडेआठ हा वेळ आमच्या हक्काचा.

वहीत रोज पाच रकाने भरतो: गॅलरीतल्या थर्मामीटरचा आकडा, जागा, कोणी काय घातलं, काय किती वाजता उतरलं आणि मानेची नोंद. मानेची नोंद म्हणजे कॉलरमागून पाठीकडे दोन बोटं घालून बघायचं आणि ‘कोरडी गरम’, ‘ओली गरम’ किंवा ‘गार’ यांपैकी एक लिहायचं. आधी मी पोरांचे हात धरून बघायचो आणि गार लागले की अजून एक कपडा चढवायचो. पण थंडीत शरीर आधी हातापायांचं रक्त आखडून घेतं आणि मधला भाग जपतं, त्यामुळे आत सगळं ठीक असलेल्या पोराचेही हात गार लागतात. खरं काय ते मान सांगते.

दोन महिन्यांत मला एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडे नुसत्या थंडीपेक्षा फरकाचा त्रास जास्त. पहाटे ८-९ अंश आणि दुपारी २७-२८ अंश, हे नाशिकच्या हिवाळ्यात नेहमीचंच. आमच्या सव्वा तासातसुद्धा सावलीतून उन्हात गेलो की ऋतू बदलल्यासारखं होतं. फाटकाशी उभं असताना उबदार वाटेल असे कपडे घातलेलं पोर आठ वाजता घामाघूम असतं. म्हणून मी आता फाटकाजवळच्या थंडीसाठी पोरांना कपडे घालत नाही. पहिली दहा मिनिटं त्यांना थोडं गार वाटू देतो.

हे शिकलो ते अकराव्या दिवशी. रविवार होता, पांडवलेणीला गेलो. मोठीला सुती बनियन आणि त्यावर तिचा जाडजूड स्वेटर घातला होता. वर चढेपर्यंत ती धावतच होती. लेण्यांचं तोंड साधारण उत्तरेकडे, त्यामुळे हिवाळ्यात तिथे सावली आणि दगड बर्फासारखा. वर पोचलो, ती ओट्यावर टेकली आणि पाच मिनिटांत तिचे दात वाजायला लागले. कॉलरमध्ये हात घातला तर बनियन पिळून काढावं इतकं ओलं. स्वेटर जाड होता म्हणूनच ती भिजली होती, आणि भिजली होती म्हणून गारठली. घाम वाळताना अंगातली ऊब घेऊन जातो आणि सुती कापड तो घाम धरून बसतं. माझा शर्ट काढून तिला गुंडाळलं आणि तसंच खाली उतरलो. रात्री तिला खोकला लागला. आई म्हणाली, “अरे, पोरांना वाऱ्याला घेऊन जातोस, निदान माकडटोपी तरी घालत जा!” टोपीचं तिचं बरोबर होतं, पण त्या दिवशी घात केला तो आतल्या बनियनने.

तेव्हापासून तीन पातळ थर. आत अंगाला चिकटून बसणारं, घाम न धरणारं कापड. मोठीसाठी पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा खेळाचा टी-शर्ट, धाकट्यासाठी पातळ थर्मल. मध्ये हवा धरून ठेवणारं काहीतरी, फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) किंवा लोकर. ऊब देते ती तंतूंत अडकलेली हवा, कापड फक्त ती हवा अडकवून ठेवतं. म्हणून घट्ट बसणारा मधला थर फुकट जातो. सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ विंडचीटर. नुसता विणलेला स्वेटर वाऱ्यात चाळणीसारखा वागतो, हे दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. थंड देशांतही हीच थरांची पद्धत आहे. पण तिथे वरचा थर दिवसभर अंगावर राहतो आणि आपल्याकडे आठच्या सुमाराला उतरतो. त्यामुळे मी झिपचेच कपडे घेतो. डोक्यावरून ओढून काढायचा स्वेटर म्हणजे टोपी पडणार, केस विस्कटणार, धाकटा रडणार आणि शेवटी बाप म्हणणार, राहू दे, घरी जाऊन काढू. तेवढ्यात पाठ ओली.

लोकरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वेळ आणि पैसे दोन्ही मी इथेच घालवले. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधून आणलेले आणि घरात पडून असलेले असे सात स्वेटर काढून बसलो. कुठला खरा लोकरीचा आणि कुठला ॲक्रिलिकचा, हे हाताला नीट कळत नाही. मग आतल्या शिवणीतून प्रत्येकाचा बोटभर धागा काढला, चिमट्यात धरला आणि ओट्याशी काडी लावली. मोठी शेजारी स्टुलावर. पहिला धागा वितळला, काळा गोळा होऊन चिमट्याला चिकटला, गार झाल्यावर खड्यासारखा कडक. ॲक्रिलिक. दुसरा तसाच, तिसराही. चौथा आईचा जुना, कोपरावर विरलेला चॉकलेटी स्वेटर. त्याचा धागा तडतडला, ज्योत काढली की लगेच विझला आणि केस जळल्याचा वास सुटला. राख बोटांत चुरून भुगा झाली. मोठी नाक दाबून ओरडली, “बाबा, हा मेंढीचा!” सातांपैकी दोनच मेंढीचे निघाले. (धागा सिंकजवळच जाळा आणि पोरांच्या हातात काडी देऊ नका.)

ॲक्रिलिक वाईट नाही. हलकं असतं, स्वस्त असतं, लवकर वाळतं. पण लोकर दमट झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते, आणि दवात लोळणाऱ्या पोराला त्याचा फार उपयोग होतो.

आईचा तो चॉकलेटी स्वेटर तिच्या परवानगीने कढत पाण्यात साबण घालून धुतला, चांगला घुसळला. खरी लोकर अशी धुतली की आटते आणि तिचा नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखा, दाट पत्रा होतो. एरवी हे नुकसान, मला मात्र नेमकं हेच हवं होतं. बाह्यांचे मनगटापासून १६ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापले, वरचं तोंड अर्धगोल शिवलं आणि उलटे केले. मूळ बाहीची वीण धाकट्याच्या मनगटावर पकडीला आली. अंगठा वेगळा ठेवला नाही, नुसती पिशवी. सगळी बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. पाच बोटांच्या हातमोज्यात प्रत्येक बोट एकटं पडतं आणि साडेतीन वर्षांच्या पोराला ते घालायलाच दहा मिनिटं लागतात. दोन्ही पिशव्या नाडीने जोडून ती नाडी जॅकेटच्या बाह्यांतून ओवली आहे. बत्तीस दिवसांत एकही हरवली नाही. त्याआधीच्या बत्तीस दिवसांत तीन जोड गेले होते.

आता पाय. इथे मी दोनदा चुकलो. विसाव्या दिवशी दोघांना दोन-दोन मोजे घातले. बूट तेच, त्यामुळे पाय आवळले गेले, रक्त खेळेना आणि बोटं एरवीपेक्षा गार. आता एकच जाड मोजा आणि बोटं हलतील एवढा मोकळा बूट. सत्ताविसाव्या दिवशी गोदापार्कच्या गवतात कॅनव्हासचे बूट दवाने चिंब झाले आणि धाकट्याला खांद्यावर घेऊन परत यावं लागलं. त्या दिवसापासून माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात दोघांचे कोरडे मोजे असतात. बाहेरच्या खिशात ठेवले की गार पडतात, आतल्या खिशातले अंगाच्या उबेने तयार असतात. मोजे बदलताना पोरांचा चेहरा बघावा.

गोदाकाठाबद्दल आणखी एक. घरी गॅलरीत ९.५ आणि त्याच सकाळी नदीकाठी ७.६, असं मी तीनदा मोजलं. शांत, निरभ्र रात्री गार हवा जड होऊन सखल भागात उतरते आणि नदीच्या पात्रात साचते. म्हणून आता गारठा जास्त असेल त्या दिवशी नदी टाळतो आणि नेहरू वनोद्यानाच्या बाजूला, जरा उंचावर जातो. निफाडकडचे द्राक्षवाले हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या करून धूर धरतात, पाणी सोडतात. २०१८च्या डिसेंबरअखेरीस निफाडला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता.

दुचाकीचा हिशेब वेगळाच. हवा १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरने गेलं तर उघड्या कातडीला साधारण ६ अंशांसारखं वाटतं. पुढे उभा राहणारा धाकटा तो वारा पूर्ण छातीवर घेतो. त्याला विंडचीटर उलटं घालतो, झिप पाठीकडे. आणि माझे वडील करायचे तेच मीही करतो: स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची एक घडी. कागदातून वारा जात नाही आणि घडीत हवा अडकते. पोचलो की कागद काढतो, मग मोठी त्याचीच होडी करते. मोठ्या रस्त्यावर आता वेग तीसच्या वर नेत नाही, बाकीच्यांनी हॉर्न वाजवले तरी.

टोपीचं आईचं म्हणणं मी मान्य केलंय, कारण लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि तिथून ऊबही त्या मानाने जास्त जाते. शिवाय वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त पसरलेली, म्हणून मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. पण माकडटोपी हनुवटीखाली दमट होते आणि धाकटा ती चावतो. आईनेच तोड काढली. जुन्या मऊ सुती साडीची त्रिकोणी घडी कानांवरून घेऊन मागे गाठ, त्यावर साधी लोकरीची टोपी. धावायला लागले की टोपी आधी काढायची, जॅकेट नंतर. हा क्रम वहीतूनच सापडला. टोपी काढली की पाठ भिजायला आणखी दहा-पंधरा मिनिटं मिळतात.

सगळ्यात जास्त कपडे लागले ते नांदूर मध्यमेश्वरला, एक्केचाळिसाव्या दिवशी. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पक्ष्यांचं पाणी, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं. पहाटे निघालो, गाडी मित्राची. धावणाऱ्या पोराला जे पुरतं ते गप्प बसलेल्या पोराला पुरत नाही. पक्षी बघायचे तर गप्प बसायलाच हवं. त्यामुळे तिन्ही थरांवर आणखी एक स्वेटर, पायजम्यावर पायजमा, आणि घोंगडी. घोंगडी आधी खाली अंथरली, कारण बसल्याजागी जमीन बुडाखालून ऊब ओढून घेते. उरलेली दोघांभोवती लपेटली. तिची लोकर टोचते खरी, पण वारा आत येऊ देत नाही. तास-सव्वा तास दोघं त्यात बसून होती. चक्रवाक, थापट्या, काळ्या वारकरी पक्ष्यांची झुंड. मोठीने वहीत चौदा पक्षी लिहिले, धाकट्याने सगळ्यांना ‘बदक’ म्हटलं. मानेची नोंद दोघांची ‘कोरडी गरम’. ती लिहिताना मला फार आनंद झाला.

अजून सुटलं नाही ते सांगतो. कोरड्या हवेने धाकट्याचे गाल उलतात. निघण्याआधी तूप चोळून बघितलं, फरक पडला, पण त्यावर धूळ चिकटते. मोठीला तिसरा थर नकोच असतो, मैत्रिणींसमोर ती विंडचीटर माझ्या हातात देते. मी आता तो सांभाळतो, गारठली की स्वतः मागते. आणि साडेआठनंतर ओले-सुके सगळे कपडे धरून चालताना माझाच घाम निघतो, म्हणून एक हलकी सॅक घ्यायची आहे. कुणी सहा-सात लिटरची, कमरेला पट्टा असलेली वापरत असाल तर जरूर कळवा.

आजची नोंद: ८.२ अंश, वनोद्यानाचा रस्ता, तिन्ही थर, पिशवी-मोजे. ७.४० ला धाकट्याची टोपी उतरली, ७.५५ ला विंडचीटर. आठच्या सुमाराला मी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होतो. तो मागून आला, माझ्या कॉलरमध्ये त्याची गार बोटं घातली, क्षणभर तशीच ठेवली आणि म्हणाला, “बाबा, तू ओला गरम. स्वेटर काढ.”

काढला.