समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ

नववीच्या विज्ञानातला गतीचा धडा मी आजही रोज वापरतो. चाकणच्या बाजूच्या गोदामांत माल वाहणाऱ्या, चालक नसलेल्या गाड्यांचं माझं काम. तिथे त्यांना सगळे रोबोच म्हणतात. गाडीनं कुठून वळायचं, किती वेगानं जायचं, कुठे थांबायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. त्याच्या मुळाशी असलेलं गणित मला आपल्या शाळेत मिळालं, मराठीतून, फळ्यावर आणि मैदानावर.

क्रीडास्पर्धांच्या आधी फक्कीनं लेन आखायचं काम आमच्या वर्गाकडे असे. बाहेरच्या लेनमधल्या मुलाला किती पुढे उभं करायचं, हे गणिताचे सर आयतं सांगत नसत. हातात टेप द्यायचे आणि काढायला लावायचे. आतल्या लेनची त्रिज्या आर, बाहेरचीची आर अधिक एक. दोन्ही परिघांची वजाबाकी केली की आर उडून जायचा! लेन एक मीटर रुंद असेल तर पूर्ण फेरीला फरक 6.28 मीटर, मग मैदान केवढंही असो. त्या वेळी वाटलेलं नवल अजून ओसरलेलं नाही.

आमचा रोबो याच वजाबाकीवर वळतो. त्याला स्टिअरिंग नसतं. डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या मोटारी असतात. समजा, चाकांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर आहे, डावं चाक सेकंदाला 0.8 मीटर जातंय आणि उजवं 1 मीटर. दोन्हींची सरासरी 0.9, हा गाडीचा वेग. फरक 0.2, त्याला 0.4 नं भागलं की वळण्याचा वेग, सेकंदाला अर्धा रेडियन, म्हणजे सुमारे 29 अंश. 0.9 ला 0.5 नं भागा, वळणाची त्रिज्या 1.8 मीटर. म्हणजे पुढच्या दोन-तीन सेकंदांत गाडी कुठल्या कमानीवरून जाणार, हे आधीच कागदावर मांडता येतं.

वेग कमी-जास्त करायचं गणित तर थेट पुस्तकातलं. वेग-काळ आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, हे सरांनी आलेख कागदावरचे चौकोन मोजायला लावून पटवलं होतं. गाडीला 10 मीटर जायचंय, कमाल वेग सेकंदाला 1 मीटर आणि त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारी वाढ, 0.5 आहे. मग 2 सेकंद वेग वाढवायचा, 8 सेकंद तो कायम ठेवायचा, 2 सेकंदांत थांबायचं. आलेख काढला तर समलंब चौकोन होतो: समांतर बाजू 12 आणि 8, उंची 1, क्षेत्रफळ बरोबर 10.

या सगळ्यात माझं सर्वांत लाडकं समीकरण मात्र तिसरं: व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन एएस. यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, ए त्वरण, एस अंतर. डीटर फॉक्स, वोल्फ्राम बुर्गार्ड आणि सेबास्टियन थ्रुन या संशोधकांनी 1997 मध्ये ‘डायनॅमिक विंडो’ नावाची पद्धत मांडली. त्यांचा ‘ऱ्हायनो’ हा रोबो माणसांच्या वर्दळीत सेकंदाला 95 सेंटिमीटरपर्यंतच्या वेगानं सुरक्षित फिरला. या पद्धतीत रोबो पुढच्या क्षणी शक्य असलेले अनेक वेग तपासतो, प्रत्येकाची कमान मांडतो आणि अडथळ्याआधी थांबता येणार नाही असे वेग बाद करतो. बाद करायची कसोटी हेच तिसरं समीकरण. अडथळा 1 मीटरवर असेल आणि ब्रेकचं ऋण त्वरण 0.5 असेल, तर वेग सेकंदाला 1 मीटरपेक्षा जास्त चालणार नाही. अंतर निम्मं झालं तर 0.7. परीक्षेत तीन मार्कांना येणारं हे समीकरण गोदामात एखाद्या कामगाराचा पाय वाचवतं. म्हणून ते नुसतं पाठ करून घेणं मला अजिबात मान्य नाही.

आता शाळेसाठी. दोन चाकांची एक छोटी गाडी मी प्रयोगशाळेला देतोय. प्रोग्रॅम उघडा आहे, त्यातल्या सूचना मराठीत आहेत. गाडी चाकाचे फेरे मोजून अंतर सांगते, पण चाक झिजतं, धुळीत घसरतं. 150 मिलिमीटर व्यासात 1 मिलिमीटरची चूक झाली, तर 30 मीटरवर 20 सेंटिमीटरचा फरक पडतो. तेव्हा नववीच्या मुलांनी आधी चाकाचा व्यास नीट मोजावा, गाडी मैदानावर 10 मीटर पळवावी आणि तिनं सांगितलेलं अंतर टेपशी ताडून पाहावं.